कल्याणप्पांचं गार अत्तर

माझ्या नवऱ्याचं नाक साऱ्या धाराशिवात प्रसिद्ध होतं. दिसायला त्यात काही विशेष नव्हतं, थोडं बसकंच होतं. पण रस्त्यापलीकडून जाणाऱ्या माणसानं डोक्याला कुठलं तेल चोपडलंय आणि त्याच्या घरी सकाळी कशाची फोडणी पडली, हे ते अत्तराच्या दुकानातल्या गादीवर बसल्या बसल्या सांगायचे. सरकारी कागदावर गावाचं नाव उस्मानाबाद, आमच्या दुकानाचंही पाटीवरचं नाव हातभर लांब. लोक मात्र विचारत यायचे ते "नाकवाले अप्पा कुठं बसतात?" म्हणूनच. त्यांचं खरं नाव मी असं सांगणार नाही. आमच्यात बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं ते उखाण्यात. मी ते एकदा भर मांडवात, कुणी आग्रह केलेला नसताना घेतलं. का घ्यावं लागलं, तेच सांगते.

जर्मनीची लढाई चालू होती. त्या वर्षी मार्गशीर्षात ह्यांना ताप आला. ताप उतरला, भूक लागली, हिंडूफिरू लागले. पण ताप जाताना ह्यांचं नाक घेऊन गेला. ते ह्यांनी मला सांगितलं नाही. पुरुषांना वाटतं, आपण बोललो नाही की बायकोला कळत नाही. मला दुधावरून कळलं. चुलीवर दूध ठेवून मी विहिरीवर निघाले आणि ह्यांना म्हटलं, जरा लक्ष ठेवा. परत आले तर गल्लीच्या तोंडापासून करपल्याचा वास. शेजारच्या भांडेवाल्या गुंडाप्पांची बायको नाकाला पदर लावून दारात उभी. आणि आमचे हे चुलीकडं पाठ करून, पाटावर बसून निवांत सुपारी कातरत होते.

"अहो, दूध जळालं की!"

"व्हय, आत्ताच वास आला बघ," हे म्हणाले.

पातेल्याचं बूड कोळशासारखं झालं होतं. मी पातेलं खाली ठेवलं आणि ह्यांच्या तोंडाकडं नुसतं बघत राहिले. मग हळूच सगळं बाहेर पडलं. गुलाब कळत नाही, केवडा कळत नाही, हिंगसुद्धा कळत नाही.

"कुणाला सांगू नको," हे म्हणाले. "अत्तरवाल्याचं नाक गेलं म्हणल्यावर दुकानाची पायरी कोण चढंल? आन् अत्तर सोडून मला दुसरं काय येतंय? थोरल्या भावाच्या घाण्यावर बैलामागं फिरत बसावं लागंल."

मला राग आला होता, दुधाचाही आणि लपवल्याचाही. पण बोलता बोलता ह्यांनी ते जळकं पातेलं स्वतःच घासायला ओढलं. मी म्हटलं, नाही सांगत.

मग आम्ही एक तोड काढली. दुकान पुढं आणि घर मागं, मध्ये जाडाभरडा पडदा. माझं नाक काही वाईट नव्हतं. लग्न झाल्यापासून ह्यांच्या कुप्या धूत आले, त्यातच मला एकेक वास कळत गेला. गिऱ्हाइकानं अत्तराचा फाया पुढं केला की हे तो हुंगायचे, डोळे मिटायचे आणि सहज केल्यासारखा हात मागं नेऊन पडद्याजवळ धरायचे. मग मोठ्यानं म्हणायचे, "मोगरा दिसतोय." बरोबर असलं की मी बांगड्या एकदा वाजवायच्या, चूक असलं की दोनदा. दोनदा वाजल्या की हे मान हलवायचे, "छे छे, मोगरा कसला, ही जाई." लोक म्हणायचे, अप्पा किती विचार करून सांगतात! पौष गेला, माघ गेला, शिमगा झाला, कुणाला पत्ता लागला नाही.

चैत्रात तेरहून कल्याणप्पा आले. ते मोठे अडत व्यापारी, दारात चार बैलगाड्या. त्यांची एकुलती एक लेक महानंदा, तिचं लग्न वैशाखात ठरलेलं आणि वर हैदराबादचा. कल्याणप्पा गादीवर बसले, पाणी प्यायले आणि एकदम कडाडले.

"अप्पा, माझी लई बेइज्जत झाली! सुपारी फोडायला पावणे आले, तवा म्या म्हणलं, हैदराबादची माणसं, ह्यांना बर्फाचं सरबत पाजावं. बार्शीहून बर्फ मागवला. भुशात गुंडाळून, पोत्यात बांधून, पावण्यांच्याच गाडीनं आला. येडशीच्या स्टेशनात पावण्यांसमोरच पोतं सोडलं, तर आत नुसता वला भुसा! आमच्या विहीणबाई सिद्धम्मा, त्या लई टेचात म्हणतात कशा, पोत्याला घाम फुटलाय जणू!"

पडद्यामागं मी तोंडात पदर कोंबला.

"तर आता असं करा," कल्याणप्पा पुढं सरकले. "बर्फ जाऊ द्या जहन्नममध्ये. मला असं अत्तर द्या, की भर वैशाखात मांडवाच्या दारात हाताला लावलं की माणूस गार पडला पायजे. इतका गार, की विहीणबाईंनी बर्फाचं नाव काढू नये."

मी बांगड्या दोनदा वाजवल्या. चांगल्या खणखणीत.

"करतो की," हे म्हणाले.

कल्याणप्पा गेल्यावर मी पडदा सारून बाहेर आले. "व्हय कशाला म्हणलात? म्या दोनदा वाजवलं ते ऐकू आलं न्हाय? नाक गेलं ते गेलं, आता कानबी गेले का?"

"ऐकलं," हे म्हणाले. "पर तेरचं लगीन, सारा मुलूख येणार. आपण न्हाय म्हणलं तर लोक म्हणतील, अप्पांना का जमंना? मग शोध सुरू हुईल."

ते मला पटलं, म्हणून मी जास्तच चिडले.

गार म्हटल्यावर ह्यांना आधी कापूर आठवला. चंदनाच्या तेलात कापूर मुरवला आणि परीक्षेला शेजारच्या गुंडाप्पांना बोलावलं. भाबडा माणूस. त्यांच्या हाताला अत्तर लावलं. त्यांनी हुंगलं, डोळे मिटले, दोन्ही तळवे हवेत ज्योतीवरून फिरवल्यासारखे फिरवून डोळ्यांना लावले आणि म्हणाले, "हर हर महादेव." मग डोळे उघडून प्रसादासाठी उजवा हात पुढं केला.

मी हसून हसून बेजार झाले. गुंडाप्पांचा काय दोष? आमच्याकडं जन्मल्यापासून कापूर हुंगायचा तो आरतीला, पेटलेला. त्या वासासरशी डोळ्यांपुढं ज्योत येते, त्यानं गार कसं वाटावं? ह्या अत्तरानं वऱ्हाडी मांडवात शिरताच ताटात पैसे टाकत बसले असते.

हे खट्टू झाले. दोन दिवस जुने डबे उपसत बसले. तिसऱ्या दिवशी मी भाकरी थापत होते, तर दुकानातून आरोळी आली.

"शांते! आलं! नाक आलं!"

पिठाच्या हातानं धावत गेले. ह्यांच्या मांडीवर पुदिन्याच्या फुलाचा जुना डबा. पुदिन्याचं फूल म्हणजे काही झाडाचं फूल नव्हे. पुदिन्याचा अर्क गोठवून त्याच्या सुईसारख्या पांढऱ्या काड्या होतात. डोकं दुखलं की लोक कपाळाला लावतात. लढाई सुरू झाल्यापासून बाजारात ते मिळेनासं झालं होतं, आमच्याकडं मागचं तेवढं उरलेलं. हे डब्यात नाक घालून श्वास ओढत होते आणि डोळ्यांतून घळघळा पाणी वाहत होतं.

"कळतंय मला! पार कपाळापर्यंत कळतंय!"

मला इतका आनंद झाला की काय सांगू. मी फळीवरची गुलाबाची कुपी उघडून ह्यांच्या नाकाशी धरली. ह्यांनी श्वास घेतला. थांबले. पुन्हा घेतला.

"हे पाणी हाय का?"

"गुलाब हाय," मी म्हटलं.

ह्यांनी कुपी बाजूला सारली.  मग मला काय सुचलं कोण जाणे, मी त्या फुलाची एक काडी चुरून ह्यांच्या मनगटावर चोळली आणि वर फुंकर मारली.

"इथं बी गार लागतंय का?"

"लागतंय."

"मनगटाला काय नाक असतंय? हा वास न्हाय. हा नुसता गारवा हाय, कातडीला कळतो तसा नाकाच्या आतल्या कातडीला कळतो."

आता हे रडतील असं मला वाटलं. पण हे मनगटाकडं बघून चक्क हसले. "म्हंजे घराचं एक दार उघडं हाय म्हणायचं. बरं झालं. कल्याणप्पांना त्याच दारातनं माल पायजे." त्या क्षणी मला ह्यांची इतकी माया आली की पिठाचा हात तसाच ह्यांच्या खांद्यावर ठेवला. सदऱ्यावर पाच बोटं उमटली, ती मग मीच धुतली.

पण नुसतं पुदिन्याचं फूल लावलं तर दवाखान्याचा वास येतो. मांडवात माणसं जीभ दाखवत उभी राहायची. गारव्याला त्याचा स्वतःचा वास हवा होता. आता आम्ही दोघांनी ना बर्फ पाहिलेला, ना हिमालय. मग इथल्या माणसाला गार म्हटल्यावर कशाचा वास आठवतो?

मी विचार करू लागले आणि मला येडशी आठवली. तिथं माझे मामा होते. लहानपणी चैत्रात आम्ही पोरं रामलिंगाला जायचो. वरती ऊन मी म्हणत असायचं. पण देवळाकडं दरीत पायऱ्या उतरू लागलं की एका पायरीपाशी काहीतरी बदलायचं. पाणी अजून दिसलेलं नसायचं, आवाजही नसायचा, पण ओल्या दगडाचा, मातीचा, पानांचा वास यायचा आणि पाय आपोआप जपून पडायचे. कुणीतरी मोठं माणूस म्हणायचंच, "हळू, निसरडं असंल." आणि दगड तर कोरडा ठणठणीत असायचा.

"मला ती पायरी पायजे," मी ह्यांना म्हटलं.

मग कामाची वाटणी झाली. वास माझा, गारवा त्यांचा. चंदनाच्या तेलात मी वाळा घातला. भाजलेल्या मातीचं अत्तर आमच्याकडं होतं, ते घातलं. पानांच्या हिरवेपणासाठी केवडा, पण अगदी बोट बुडवल्याइतका. चार वेळा चुकलं. एकदा नुसता कुंभारवाडा झाला, एकदा लग्नाआधीच लग्नघर. पाचव्या वेळी मी डोळे मिटले आणि माझे पाय आखडले. "आली पायरी," मी म्हणाले. ह्यांना काही कळलं नाही, पण माझ्या चेहऱ्याकडं बघून खूश झाले. मग ह्यांनी त्यात पुदिन्याचं फूल टाकलं, मनगटावर लावून बघितलं, आणखी टाकायला हात उचलला.

"बस," मी म्हटलं.

"मला अजून नीट गार लागत न्हाय."

"लागायचं न्हाय. वास पुढं चालला पायजे, गारवा मागनं. चिमूटभर बस."

ह्यांनी तोंड वाकडं केलं, पण ऐकलं. निदान मला तसं वाटलं. उरलेल्या फुलाची पूड करून ह्यांनी पुरचुंडीत बांधली आणि लग्नाला निघताना कोटाच्या खिशात घातली, हे मला माहीत नव्हतं.

तेरला आम्ही आदल्या दिवशीच पोचलो. तेरणेच्या काठाला हिरवळ होती, बाकी सगळीकडं ऊन नुसतं भाजत होतं. दुसऱ्या दिवशी दुपारचा मुहूर्त. वऱ्हाड आलं. विहीणबाई सिद्धम्मा टांग्यातून उतरल्या. उंच, गोऱ्या, जरीचं भारी लुगडं, कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे. आणि माझ्या नाकात आला हिना! भर वैशाखात हिना! हिना म्हणजे गरम अत्तर, माघाच्या थंडीत लावायचं. उन्हाळ्यात तो लावणं म्हणजे गोधडी पांघरून हिंडणं. पण श्रीमंताला सांगणार कोण? मी शेजारच्या बाईकडं बघून नुसत्या भुवया उडवल्या.

आमच्याकडं रीत अशी, की मांडवाच्या दारात अत्तर लावायचं ते अत्तरवाल्यानं स्वतःच्या हातानं. हे फेटा बांधून, तबक घेऊन उभे राहिले. मी बायकांच्या बाजूला बसले होते, पण तिथून ह्यांचा हात न् हात दिसत होता. पहिल्या पाहुण्याला लावायच्या आधी ह्यांनी आपल्या मनगटावर लावून बघितलं. सकाळपासून ह्यांनी ते इतक्या वेळा लावलं होतं की कातडीला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. त्यात डोक्यावर ऊन. ह्यांच्या कपाळाला आठी पडली.  आणि ह्यांचा हात कोटाच्या खिशात गेला.

पुरचुंडी निघाली. सगळीच्या सगळी अत्तरदाणीत. वर हे ती गोल गोल हलवू लागले.

मी हात वर केला आणि बांगड्या दोनदा वाजवल्या. आणि तेव्हा मला आमच्या शहाणपणातली खोट कळली. लग्नाचा मांडव! आदल्या दिवशीच कासार येऊन गेलेला. गावातल्या झाडून साऱ्या बायकांच्या हातांत कोपरापर्यंत नवा हिरवा चुडा. कुणी वारा घेतंय, कुणी पोराला थोपटतंय, कुणी पदर सावरतंय, चहूकडून बांगड्यांचा नुसता पाऊस! ह्यांनी मान वर करून आमच्याकडं बघितलं. गोंधळले. मग त्या सगळ्या आवाजातून आपल्याला हवा तेवढाच एक आवाज निवडला आणि माझ्याकडं बघून समाधानानं हसले. नवरे असंच ऐकतात.

पाहुणे येत गेले, हे प्रत्येकाच्या पालथ्या हाताला अत्तर फासत गेले.

अक्षता पडायला सुरुवात झाली आणि उकाड्यानं माणसं घामाघूम झाली. घाम आला की पालथ्या हातानं तोंड पुसायचं, ही आपली सवय. आधी वराच्या काकांनी पुसलं. ते डोळे मिचकावू लागले. मग वराच्या वडिलांनी मिशा पुसल्या, चार शिंका दिल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. मग मामा. मग आत्या. मग खुद्द वर, मुंडावळ्यांमागून हुंदके दिल्यासारखा नाक ओढू लागला. सारा वरपक्ष रडत होता! लग्न लावणाऱ्या स्वामींनी मंत्र थांबवून हळूच विचारलं, "कुणाचं काय वाईट वर्तमान आलंय का?"

तेरची मंडळी थक्क झाली. लेकीकडच्यांनी रडायचं हे जगात ठाऊक आहे, पण मुलाकडचे? महानंदाच्या आईनं आपले अश्रू पाठवणीसाठी राखून ठेवले होते. तिनं व्याह्यांचे डोळे बघितले आणि तिचाही बांध फुटला. "किती मायेची माणसं मिळाली गं माझ्या लेकीला!" म्हणून ती खरोखरीच रडू लागली, तिच्या पाठोपाठ तिच्या बहिणी. एकटी महानंदा मान खाली घालून खुदुखुदू हसत होती. तिचे खांदे हलताना बघून लोकांना वाटलं, तीही रडतेय.

अक्षता संपल्या आणि सिद्धम्मा उठल्या. डोळे लालबुंद, काजळ गालावर. थेट ह्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"कायकू रडवताय लोकांना? हे अत्तर हाय का डोळ्यात घालायची दवा? अत्तरवाले हाईत का कंपाउंडर?"

कल्याणप्पा धावत आले. "बाई, असं कसं म्हणता? हे नाकवाले अप्पा हाईत. ह्यांच्यासारखं नाक अख्ख्या जिल्ह्यात न्हाय!"

"अस्सं?" सिद्धम्मांनी कमरेच्या पिशवीतून चांदीची छोटी कुपी काढली. "मग हे काय हाय ते सांगा म्हणावं. सांगितलं तर अत्तरवाले. न्हाय तर तबक खाली ठेवा आन् वाटंला लागा."

सगळा मांडव बघू लागला. ह्यांनी कुपी घेतली, उघडली, नाकाशी धरली आणि डोळे मिटले. मला बसल्या जागी वास आला, त्या टांग्यातून उतरताना आलेला तोच. हे माझ्या बांगड्यांची वाट बघत होते. पण मी एकदा वाजवू की दोनदा? हे काही बोललेच नव्हते, आणि बोलले असते तरी त्या कल्लोळात माझा आवाज कोण ओळखणार? ह्यांच्या कपाळावरचा घाम विभूतीतून वाट काढत खाली येत होता. मला डोळ्यांपुढं घाणा दिसला, आणि त्याच्या बैलामागं हे.

मी उठले. कशी उठले मला ठाऊक नाही.

"जरा थांबा," मी म्हणाले. "माझं नाव घ्यायचं राहिलंय."

लग्नात उखाण्याला कुणी नाही म्हणत नाही. बायका लगेच ओरडल्या, "घ्या, घ्या!" सिद्धम्मांनाही थांबावं लागलं. मी पदर डोक्यावर ओढला आणि खड्या आवाजात नाव घेतलं.

"हिवाळ्यात हिना बरा, उन्हाळ्यात वाळा,
धुळाप्पांचं नाव घेते, ऊन आहे, हिना टाळा!"

बायका खिदळल्या. सिद्धम्मांच्या नाकपुड्या फुगल्या. ह्यांनी डोळे उघडले, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "हिना."

"वा रे वा!" कल्याणप्पांनी मांडीवर थाप मारली. "म्या म्हणलं नव्हतं?"

झालं, सुटलो! मी खाली बसणार, तेवढ्यात हे म्हणाले, "थांबा. बायकोनं नाव घेतलं, आता म्या बी घेतो." असं कुणी पुरुष आपणहून म्हणत नाही. सगळ्यांनी माना लांब केल्या. ह्यांनी घसा साफ केला.

"नाक गेलं तापात, गुपित ठेवलं झाकून,
शांतम्मा सांगती वास बांगड्या वाजवून."

मांडव हास्यात बुडाला. आमच्याबरोबर लग्नाला आलेले गुंडाप्पा तर पोट धरून हसत होते. पण हे हसत नव्हते. हळूहळू लोकांच्या ते ध्यानात आलं आणि हसू विरत गेलं.

"खरं हाय," हे म्हणाले. "मार्गशीर्षापासनं मला कसलाच वास येत न्हाय. आत्ताचा हिना बी हिनंच सांगितला. भरल्या मांडवात माझं नाव घेतलं तिनं, आता आणखी किती लपवायचं तिच्या आड? आजचं अत्तर तिनं केलं, तिचं माप बरोबर होतं. रडवलं ते म्या. मला वास कळत न्हाय, फकस्त गारवा कळतो, म्हणून जास्ती टाकला."

मला राग आला, की वाचवलं ते ह्या माणसानं घालवलं. आणि अभिमानही वाटला, तो रागापेक्षा जास्त होता. कल्याणप्पांचं तोंड उघडंच राहिलं. आता सगळं सिद्धम्मांच्या हातात होतं. त्यांनी बोलायला श्वास घेतला, चांगला खोल.

आणि बोलल्याच नाहीत. त्यांनी खाली पायांकडं बघितलं. दोन्ही हातांनी लुगड्याच्या निऱ्या धरून घोट्याच्या वर उचलल्या आणि जपून एक पाऊल बाजूला टाकलं.

"अगं बाई! इथं पाणी कुणी शिंपडलं? माझी जरीची किनार भिजंल की!"

जमीन वैशाखातली. धूळ उडत होती. पाण्याचा थेंब नव्हता. पण त्यांच्या मागं उभ्या दोघीतिघींनीही लुगडी उचलली होती, आणि वराच्या काकांनी तर आपले जोडे हातात घेतले होते. पुदिन्याच्या फुलाचा जोर घामाबरोबर ओसरला होता आणि त्याखाली दबलेलं माझं अत्तर आता वर येत होतं. मलाही आला तो वास. ओला दगड, माती, पानं. माझे पाय आखडले.

"काय झालं?" ह्यांनी मला हळूच विचारलं. ह्यांना बिचाऱ्यांना काहीच कळत नव्हतं.

"पायरी आली," मी म्हणाले.

सिद्धम्मांनी वाकून जमिनीला बोट लावलं. बोटाला कोरडी धूळ लागली. त्यांनी ते बोट बराच वेळ निरखलं, मग पालथा हात नाकाशी नेला, आणि मग इतक्या मोठ्यानं हसल्या की उरलेलं काजळही पसरलं.

"कल्याणप्पा, तुमच्या पोत्यापेक्षा हे लई बरं!" त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या. "मला हे हैदराबादला न्यायचंय. पर माप तुझं पायजे, ह्यांचं नक्को."

धाराशिवला परत आलो, तोवर बातमी आमच्या आधी पोचली होती. अप्पांचं नाक गेलं हे सगळ्या बाजारपेठेला कळलं आणि काही आभाळ कोसळलं नाही. चार दिवस लोक गंमत म्हणून आले, पाचव्या दिवसापासून अत्तर घ्यायला आले. मधला पडदा ह्यांनी स्वतःच्या हातानं काढला. आता गादीवर मी बसते, हे शेजारी. बोलणं त्यांचं, वास माझा. लोक "नाकवाल्या अम्मा कुठं बसतात?" म्हणून विचारतात, तेव्हा हेच पुढं होऊन दाखवतात.

नाक मात्र परत आलं नाही. लढाई संपली, पुदिन्याचं फूल परत मिळू लागलं. दर चैत्रात गार अत्तर करायला घेतलं, की माझी पायरी जमल्यावर मी त्याचा डबा ह्यांच्यापुढं सरकवते. हे चिमूट घेतात, टाकतात, मनगटावर लावतात. मग माझ्याकडं न बघता तसेच कान देऊन बसून राहतात. समोरासमोर बसलो आहोत, तोंडानं सांगता येईल. पण मी सांगत नाही. बांगड्या एकदाच वाजवते.